मार्कग्राफच्या डाव्या हाताला

इसवी सन एकोणीसशे शहात्तर, ऑक्टोबर महिन्यातील एक मंगळवार, सकाळची वेळ. स्थळ, साले नदीच्या काठचे नाउमबुर्ग नगर, आणि त्या नगराभोवती कड्यासारखी गोल फिरणाऱ्या ट्रामचा मागील डबा. इतके निश्चितपणे नमूद करता येते. त्या डब्यात खिडकीपाशी बसलेल्या ट्राउगोट लेंके या पंचावन्न वर्षांच्या गृहस्थाच्या मनात त्या सकाळी जे सुरू झाले, त्याला मात्र अशी तारीख लावणे कठीण आहे. आणि लेंके स्वतः तारखांविषयी अत्यंत काटेकोर असल्यामुळे ही अडचण त्याला इतर कुणाहीपेक्षा अधिक टोचली. ट्राम मारियनटोरच्या वेशीपाशी क्षणभर थांबली. रस्त्याच्या पलीकडे, भिंतीच्या आडोशाला, त्याची पत्नी लोरे उभी होती. वारा नदीकडून येत होता. तिने कोटाची कॉलर उजव्या गालापर्यंत वर घेतली, आणि ट्राम हलली. एवढेच घडले. पुढचे वळण येईपर्यंत लेंकेला काहीच वाटले नाही. वळणावर चाके करकरली तेव्हा एकाएकी त्याच्या ध्यानात आले की लोरेने कॉलर बाहेरून धरली नव्हती. तिचा हात कोटाच्या आत होता. आतून, कापडाखालून, मूठ न दिसू देता तिने ती वर उचलली होती. लोरे ज्या पॉलिक्लिनिकच्या नोंदणीच्या खिडकीत काम करी ते गावाच्या दुसऱ्या टोकाला होते, आणि आज सकाळची पाळी आहे असे सांगून ती त्याच्या आधीच घराबाहेर पडली होती, ही गोष्ट त्याला त्याहूनही उशिरा आठवली. दुसरा कुणी नवरा असता तर त्याने आधी जागेचा विचार केला असता. लेंकेने आधी हाताचा केला.

त्याला कारण होते. गेली कित्येक वर्षे तो कॅथेड्रलमध्ये येणाऱ्या मंडळींना पश्चिमेकडील गाभाऱ्यातील दगडी पुतळे दाखवून त्यांची माहिती सांगत असे. त्यापूर्वी तो लॅटिनचा शिक्षक होता. रविवारी चर्चमध्ये जाणे त्याने सोडले नाही म्हणून शाळेने त्याला सोडले. त्या गाभाऱ्यात, खांबाला पाठ लावून, मार्कग्राफ एकेहार्ड आणि त्याची पत्नी उटा उभी आहेत. एकेहार्डचा एक हात तलवारीच्या मुठीवर, दुसरा ढालीच्या पट्ट्यावर. त्याच्या डाव्या हाताला उटा. तिने आपल्या झग्याची उभी कॉलर नवऱ्याच्या बाजूने गालापर्यंत ओढून धरली आहे, आणि ज्या हाताने धरली आहे तो हात झग्याच्या आत आहे. पाहायला येणारी प्रत्येक बाई, मग ती रोस्टॉकची असो की बुडापेस्टची, बाहेर पडताना हसत हसत ती नक्कल करून बघते, आणि प्रत्येक बाई चुकते. ती कॉलर बाहेरून चिमटीत पकडते. लेंकेने अशा हजारो बायका पाहिल्या होत्या. आतून धरणारी एकही पाहिली नव्हती. ते डोळ्यांनी शिकता येत नाही. अंगावर तसा जड झगा घालून, कुणीतरी ‘आतून, आतून’ असे सांगत, बराच वेळ उभे केल्याखेरीज हाताला ते वळण लागत नाही. आणि या गावात सध्या असा सांगणारा एकच माणूस होता.

कॅथेड्रलच्या दारात तिकिटे फाडणाऱ्या फ्राउ क्यूनास्टने त्याला पाहून थर्मासचे झाकण घट्ट केले. "चेहरा काय झालाय तुमचा, हेर लेंके? दूध नासल्यासारखा. बिटरफेल्डची मंडळी आलीयेत, कारखान्याची तुकडी. तिघांना अजून काल रात्रीची उतरलेली नाही." "येऊ द्या," लेंके म्हणाला. मग, आवाज अगदी सहज ठेवून, "हेर राउश आले का कामावर?" "ते काय, उजाडायच्या आत. मागच्या अंगणातल्या खोलीत धूर काढत बसलेत." ती थांबली, आणि ज्या गोष्टी सर्वांना माहीत आहेत त्या बोलताना माणसे जशी आवाज न बदलता बोलतात तशी बोलली, "तुमच्या बायकोची मात्र कमाल आहे हं. एवढा वेळ ताठ उभं राहायचं, आणि वर तो ब्लँकेटचा ढीग अंगावर. माझी तर कंबरच गेली असती." लेंकेने मान हलवली. माहीत असलेल्या माणसाने हलवावी तशीच ती हलली, याचे त्याला त्याही क्षणी थोडे समाधान वाटले. आपल्या घरातील गोष्ट आपल्याला तिकिटाच्या खिडकीवर कळावी यातली मानहानी त्याने नंतरसाठी बाजूला ठेवली, जसा तो अवघड तळटीपा ठेवत असे.

बिटरफेल्डच्या मंडळींपुढे त्याने नेहमीप्रमाणे मार्कग्राफपासून सुरुवात केली. सर्व वाटाडे उटेपासून करतात. लेंकेचा या प्रथेला तात्त्विक विरोध होता. "ग्राफ म्हणजे सरदार," तो म्हणाला, "आणि मार्क म्हणजे सरहद्दीचा मुलूख. राज्याच्या पोटातला सरदार सारा गोळा करतो आणि शिकारीला जातो. मार्कग्राफला ते सुख नाही. त्याचा मुलूख जिथे राज्य संपतं तिथे. पलीकडे परके लोक. म्हणून त्याच्याकडे फौज जास्त, अधिकार जास्त, झोप कमी." "म्हणजे आपला सरहद्द-पोलीसच की," मागून एक जण म्हणाला. दोघे-तिघे हसले, आणि मग आपण सरहद्द बंद केलेल्या साम्यवादी देशात राहतो हे आठवून एकदम कुणीच हसेना. बोलणाऱ्याने घसा खाकरला. लेंकेने त्याला सांभाळून घेतले. "एक मोठा फरक आहे. हा मुलूख त्याचा नव्हे. राजानं राखायला दिलेला. याच्या आधी याचा भाऊ मार्कग्राफ होता, तो बघा, समोरच्या खांबावर. भाऊ वारला, पद याच्याकडे आलं. याला मूल झालं नाही. हा गेला, आणि सगळं परत राजाकडे. मार्कग्राफ मालक नसतो. तो राखणदार असतो." हे वाक्य तो रोज म्हणत असे आणि रोज त्याला ते आवडत असे. आज ते तोंडातून बाहेर पडले आणि दगडावर पडलेल्या किल्लीसारखे वाजले.

ऐकणाऱ्यांचे लक्ष अर्थातच त्याच्याकडे नव्हते. सगळे उटेकडे पाहत होते. कानटोपी घातलेल्या एका जाडजूड बाईने विचारले, "ती अशी तोंड का लपवते नवऱ्यापासून?" "लपवत नाही. वारा आहे." "वारा? देवळाच्या आत?" "पुतळा आत आहे, बाई. प्रसंग बाहेरचा आहे." "मला विचाराल तर," बाई आपल्या मैत्रिणीला म्हणाली, "तो घोरत असणार." पुन्हा हशा. लेंके या प्रश्नावर पुष्कळ वर्षे वाद घालत आला होता, आणि त्याची बाजू भक्कम होती. हे दोघे मरून दोनशे वर्षे झाल्यावर पुतळे घडवले गेले. शिल्पकाराने त्यांना पाहिले नव्हते, त्यांच्या संसाराविषयी त्याला काडीची माहिती नव्हती. तेव्हा एका कॉलरवरून एका मेलेल्या माणसाच्या वैवाहिक जीवनाचा पंचनामा करणे हा निव्वळ चावटपणा होय. अभिमानी स्त्री, तिचे अभिमानी तोंड, वारा. याहून अधिक दगडात नाही. असे तो म्हणत असे. आणि हे सर्व म्हणताना तो, नकळत, नेहमी मार्कग्राफच्या खाली, त्याच्या पायांशी, त्याच्याच बाजूला उभा राहत असे. आज त्याच्या हे ध्यानात आले. वर पाहिले तर जाड गळ्याचा, किंचित स्थूल, कुणीच न पाहिलेला तो सरदार आपल्या तलवारीला धरून लांब कुठेतरी बघत होता. जगातील सगळे लोक त्याच्या बायकोला पाहायला येत होते आणि त्याला तिकडे मान वळवायची सोय नव्हती.

फोल्कमार राउश गेल्या वर्षीच्या वसंत ऋतूत हालेहून आला होता. एका प्रदर्शनासाठी या जोडप्याची प्लास्टरमधील प्रतिकृती करायची होती. पुतळ्यांवर जुन्या रंगाचे कण शिल्लक असल्याने साचा घेण्याची परवानगी नव्हती. प्रत्येक बिंदू मापून, हाताने, पहिल्यापासून घडवावे लागणार होते. लेंकेनेच त्याला कॅथेड्रल दाखवले होते. राउश कमी बोलणारा, चाळिशीचा, नखांत माती असलेला मनुष्य. लेंके दोन तास बोलला, आणि राउशने शेवटी इतकेच विचारले की सकाळी ऊन कोणत्या खिडकीतून येते. लेंकेला तेव्हा त्याचा राग आला नव्हता. त्याने त्याला घरी जेवायला बोलावले. लोरेने बटाट्याचे गोळे आणि लाल कोबी केली होती. जेवताना लेंकेने उटेच्या शिरपेचाविषयी उलगडून सांगितले, आणि राउश गोळ्याचे चमच्याने दोन भाग करून त्यातून निघणाऱ्या वाफेकडे पाहत राहिला, आणि लोरे राउशकडे पाहत होती. पाहत होती का? त्या संध्याकाळची आठवण लेंके आता पुन्हा पुन्हा उघडत होता, आणि प्रत्येक वेळी लोरेची नजर थोडी अधिक वळलेली दिसत होती. पुराव्याचा असा प्रकार त्याने कुणा विद्यार्थ्याच्या निबंधात चालवून घेतला नसता. आठवण ही साक्षीदार म्हणून निकामी असते, कारण तिला जे विचारावे ते ती कबूल करते; हे त्याला ठाऊक होते, आणि तरी तो तिला विचारीत राहिला. जाताना राउशने कोट चढवला तेव्हा लोरे म्हणाली होती, "तुम्ही फारच कमी बोलता." यात काय होते? काहीच नव्हते. पण ते ती कशाशी तुलना करून म्हणाली होती?

दुपारच्या सुट्टीत तो मागच्या अंगणातून राउशच्या खोलीकडे गेला. ऐकू आले तर ऐकावे म्हणून तो दाराशी थांबला, आणि आपण थांबलो आहोत याची त्याला इतकी लाज वाटली की त्याने दार गरजेपेक्षा मोठ्याने ठोठावले. आत लोरे होती. खोलीच्या मध्यावर, एका ठोकळ्यावर, दाबलेल्या लोकरीच्या, जाड करड्या नमद्याच्या झग्यात ती उभी होती. खांद्यापासून पावलांपर्यंत कापडाच्या सरळ, जड घड्या. उजवा हात आत, कॉलर गालापर्यंत. तिने मान वळवली नाही. राउश जमिनीवर उकिडवा बसून घडीच्या कडेला खडूने खूण करीत होता. "बरं झालं आलात," तो मागे न पाहता म्हणाला. "मला एक माणूस हवाच होता." "कशासाठी?" "मार्कग्राफसाठी. दोघांच्या मधली सावली मला एकट्या फ्राउ लेंकेवरून कळत नाही. तिथे उभे राहा, तो दुसरा झगा घ्या. त्यांच्या उजव्या हाताला." लेंकेने आलो कशासाठी ते सांगायला तोंड उघडले, पण झगा त्याच्या हातात आला होता आणि झगा हातात असलेल्या माणसाला जाब विचारता येत नाही. तो दुसऱ्या ठोकळ्यावर चढला. "तलवार नाही, हा दांडा धरा. समोर पाहा. खिडकीच्या वर." "मला ठाऊक आहे तो कुठे पाहतो ते," लेंके म्हणाला. "हो, तुम्हाला ठाऊकच असणार," राउश म्हणाला, आणि त्यात टोमणा आहे की नाही हे लेंकेला ठरवता येईना.

नमद्याला ओल्या मेंढीचा आणि तंबाखूचा वास होता. खांद्यावर त्याचे वजन हळूहळू, पाणी मुरावे तसे, उतरू लागले. लेंके खिडकीच्या वर पाहत होता, आणि मग राउश खडू शोधायला वळला तेव्हा त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून डावीकडे पाहिले. त्याला लोरे दिसली नाही. त्याला कापडाची एक करडी कड दिसली, आणि कडेच्या पलीकडे फक्त उजेड. त्याने मान थोडी आणखी वळवली. कडच. कॉलर तिच्या चेहऱ्याच्या आणि त्याच्या मध्ये अशी उभी होती की समोरच्या कुणालाही, दारातून येणाऱ्या पोरासोरालाही, तिचा सगळा चेहरा दिसावा, आणि शेजारी उभ्या असलेल्या एकाच माणसाला मात्र तो दिसू नये. इतकी वर्षे त्याने हा पुतळा खालून, समोरून, पाहणाऱ्यांच्या बाजूने पाहिला होता आणि नवऱ्याच्या वतीने बोलत आला होता. नवऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे त्याला सुचले नव्हते. "लोरे," तो म्हणाला. "हलू नको," कापडाच्या पलीकडून ती म्हणाली. राग नव्हता तिच्या आवाजात. एखाद्याला मधेच झोपेतून उठवू नये म्हणून बोलावे तसा तो आवाज होता. खोलीत राउशच्या खडूचा आवाज, शेगडीत कोळसा बसल्याचा आवाज. लेंकेला जाणवले की ही शांतता नवी नाही. ती इथे रोजची आहे, वापरून मऊ झालेली आहे, आणि तिच्यात त्याच्यासाठी जागा ठेवलेली नाही. कोपऱ्यात प्लास्टरचे काम उभे होते; खालचा भाग उघडा, चेहऱ्यांवर ओले फडके गुंडाळलेले. लेंकेने त्या फडक्याकडे पाहिले, आणि त्याखाली काय असेल याचा विचार त्याला सोडीना.

घरी, संध्याकाळी, लोरे पाव कापत होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "किती दिवसांपासून?" "ऑगस्टपासून. पाळीच्या आधी थोडा वेळ, सुट्टीत थोडा." "मला का सांगितलं नाहीस?" "सांगितलं असतं तर तू आला असतास." "अर्थात आलो असतो." "हो ना. आणि बोलला असतास." तिने सुरी बाजूला ठेवली. "ट्राउगोट, मी दिवसभर खिडकीत बसते. लोक मला त्यांचे मूतखडे सांगतात. घरी येते, तू मला गाभारा सांगतोस. तिथे मी उभी राहते आणि कुणी मला काही समजावून देत नाही. एवढंच आहे ते." "एवढंच?" "एवढंच." "तो तुला हात लावतो." "खांद्याला. घडी नीट करायला. ब्लँकेटवरून." "आणि तुला ते..." "मला ते काही नाही. तुला हवं असलेलं काहीतरी मी बोलावं म्हणून तू उभा आहेस, पण माझ्याकडे ते नाहीये." लेंके खुर्चीवर बसला. त्याला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. शरीराची फसवणूक असती तर तिला निदान एक नाव होते, सीमा होती, ओलांडल्याची जागा दाखवता आली असती. एखादी बाई दुसऱ्या पुरुषाकडे जाते ते त्याच्या न बोलण्यासाठी, याविरुद्ध कोणते कलम लावायचे? त्याला राउशच्या हातांचा मत्सर वाटत नव्हता. त्याच्या मुकेपणाचा वाटत होता, आणि तो गुण मिळवणे आता या वयात, या जिभेला, अशक्य होते. "शुक्रवारी समिती बसतेय," तो म्हणाला. "प्रतिकृती मान्य करायची की नाही. माझं मत घेणार आहेत." "माहीत आहे. राउशनं मलाही बोलावलंय." "हेर राउश," लेंकेने दुरुस्ती केली. लोरेने त्याच्याकडे पाहिले. "त्याचं दीड वर्षाचं काम आहे. पुतळ्याबद्दल काय बोलायचं ते बोल, तुझ्याइतकं कुणाला कळत नाही. पण तिथे, चार माणसांत, पुतळ्याच्या नावानं माझ्याबद्दल बोललास तर मी झाइट्सला बहिणीकडे जाईन. रुसून नाही. राहायला." तिने पाव ताटलीत ठेवला. "खाऊन घे. सॉसेज दोनच आहेत, मोठं तुझं."

मधले दोन दिवस तो न्यायाधीशासारखा वागला. आपल्या मनातील प्रत्येक हरकत त्याने पुढे बोलावून तिची उलटतपासणी घेतली. प्रतिकृती निर्दोष असेल तर तिला निर्दोष म्हणणे भाग आहे. सदोष असेल तर दोष सांगणे भाग आहे. दोष दाखवणाऱ्याचा हेतू काय, याने दोषाचे अस्तित्व बदलत नाही. हे तर्कशास्त्र बिनतोड होते आणि लेंकेला त्याचा संशय येत होता, कारण ते रात्रंदिवस एकाच दिशेला चालत होते. रस्त्यात एकदा राउश भेटला. मटणवाल्याच्या दुकानापुढच्या रांगेत उभा राहून तो भिंतीचा गिलावा नखाने उकरून पाहत होता. "शुक्रवारी," राउश म्हणाला. "शुक्रवारी," लेंके म्हणाला. याहून थोडक्यात तो आयुष्यात कधी बोलला नव्हता, आणि तेवढ्यानेही त्याचे तोंड दुखून आले.

शुक्रवारी गाभाऱ्यात खांबाला परांची लावली होती. खाली, पुतळ्यांच्या समोर, ऊन पडेल अशा जागी प्लास्टरचे जोडपे उभे. समितीत तिघेच: अध्यक्ष म्हणून डॉक्टर आल्ब्रेख्ट फोएटेन, वयोवृद्ध धर्मपंडित, ज्यांना एका कानाने ऐकू येत नसे आणि जे तो कान नेहमी कंटाळवाण्या माणसाकडे करीत, जिल्हा कार्यालयाकडून आलेली एक तरुण बाई, जी कोट काढायला तयार नव्हती, आणि लेंके. फ्राउ क्यूनास्ट काही काम नसताना झाडू घेऊन आली होती. लोरे मागे, एका बाकाच्या टोकाला बसली होती. "चला, हेर राउश, नवरीचा पडदा काढा," फोएटेन म्हणाले. राउशने फडके सोडले. कार्यालयाची बाई "अरे वा" म्हणाली, आणि ते खरे होते. घड्या, बोटे, अंगठी, शिरपेच. लेंकेने ओळीने पाहिले आणि ओळीने मनात होकार भरला. मार्कग्राफ तर इतका हुबेहूब होता की लेंकेला ओशाळल्यासारखे झाले. मग त्याने उटेच्या तोंडाकडे पाहिले.

ते लोरेचे तोंड होते. गालांची ठेवण नव्हे, नाक नव्हे, फक्त तोंड. ओठ मिटलेले, पण आवळलेले नाहीत. एक कोपरा किंचित आत गेलेला. बोलणारा मनुष्य लवकर थांबणार नाही हे ज्याने केव्हाच ओळखले आहे, आणि ज्याला त्याविषयी आता चीडही राहिलेली नाही, त्याचे तोंड. लेंकेला ते ओळखायला विचार करावा लागला नाही. सुपात चमचा थांबलेला असताना, ट्राममध्ये, आईच्या प्रेतयात्रेत, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात याच गाभाऱ्यात तो तिला कमानींचे वय सांगत असताना, त्याने ते पाहिले होते. त्याने ते कधी शब्दांत धरले नव्हते. ते त्याच्या घरातले होते, खुंटीवरच्या टॉवेलसारखे, आणि घरातल्या वस्तूला कुणी नाव देत नाही. पण ते त्याच्यासमोरच होत असे. त्याच्यामुळेच. ते दुसऱ्या कुणी कधी पाहिले नव्हते, अशी त्याची समजूत होती. म्हणजे ती त्या खोलीत उभी असताना तिला घरची आठवण येई, आणि आठवणीने तोंड असे होई, आणि हा माणूस समोर उकिडवा बसून ते टिपून घेई. त्याने तिचा खांदा घेतला असता तर चालले असते. त्याने तिचा कंटाळा घेतला होता, जो लेंकेचा होता.

"हेर लेंके?" फोएटेन म्हणाले, चांगला कान त्याच्याकडे करून. लेंकेने बाकाकडे पाहिले नाही. त्याला अजूनही गप्प राहता येत होते. मान हलवली असती तर पुरे होते, आणि ती त्याला हलवता येते हे मंगळवारी सिद्ध झाले होते. "वस्त्र निर्दोष आहे," तो म्हणाला. "हात निर्दोष आहेत. मार्कग्राफ निर्दोष आहे. मार्कग्राफच्या पत्नीचं तोंड चुकलं आहे." "कसं चुकलं?" "मूळ तोंड अभिमानी आहे. स्थिर आहे. मी ते रोज पाहतो. हे थकलेलं आहे." कार्यालयाची बाई पुढे वाकली. "मला तर सारखंच दिसतंय." "आपण आज पहिल्यांदा पाहत आहात." "मग हे कुणाचं आहे?" फोएटेन यांनी विचारले. प्रश्न साधा होता. म्हाताऱ्याला त्याखाली काय आहे हे माहीत असणे शक्य नव्हते. फ्राउ क्यूनास्टचा झाडू थांबला. "एका जिवंत बाईचं," लेंके म्हणाला. "जी या कामासाठी उभी राहत होती." लेंकेला वाटले की आता राउश रागावेल, आणि रागावलेला मनुष्य बोलतो, आणि बोलणारा मनुष्य त्याच्यासारखाच एक होतो. क्षणभर त्याला जवळजवळ आनंद झाला.

राउश रागावला नाही. "तोंड मार्चमध्ये केलंय," तो म्हणाला. "वरून मापं घेऊन. फ्राउ लेंके आल्या ऑगस्टमध्ये. त्या फक्त झग्यासाठी उभ्या होत्या; त्या आल्यावर मी चेहऱ्याला हात लावलेला नाही, फडकं ओलं करण्याखेरीज." त्याने पिशवीतून वाकड्या पायांचा लोखंडी कैवार, अंतर मापायचा चिमटा, काढला आणि परांचीवर चढला. सगळे मान वर करून पाहू लागले. दगडी ओठांच्या एका कोपऱ्यावर त्याने एक टोक अलगद धरले, रंगाच्या कणांना लागणार नाही असे, दुसरे टोक दुसऱ्या कोपऱ्यावर आणले, आणि मळसूत्र आवळले. मग कैवार छातीशी धरून, एका हाताने शिडीला पकडत, तो खाली आला आणि दोन्ही टोके प्लास्टरच्या ओठांवर ठेवली. ती बसली. तो पुन्हा वर गेला. आत गेलेल्या कोपऱ्याची खोली, हनुवटीपासूनची उंची. पुन्हा खाली. ती बसली. लेंके हे काम पाहत होता, आणि मग त्याने कामाकडे पाहणे सोडून, किती वर्षांनी कोण जाणे, काही सांगायचे नसताना वरच्या दगडाकडे पाहिले. उन्हाचा पट्टा तिथवर चढला होता. ओठ मिटलेले, पण आवळलेले नाहीत. शेजारी नवरा लांब कुठेतरी बघत होता.

मागे बाक वाजला. लोरेच्या बुटांचा आवाज दाराकडे गेला, घाईने नव्हे, ट्रामची वेळ माहीत असलेल्या माणसासारखा; आणि फ्राउ क्यूनास्टने तिच्यासाठी जड दार ओढून धरल्याचा आवाज आला. फोएटेन यांनी राउशच्या हातातून कैवार घेतला, डोळ्यांजवळ नेऊन दोन्ही टोके प्लास्टरवर स्वतः एकदा लावून पाहिली, आणि तो परत दिला.

"तोंड बरोबर आहे, हेर लेंके," ते म्हणाले.